चुलीमागे एक मत

हॅझरलीत चर्चच्या आधी स्टेशन आलं, आणि स्टेशनच्या आधी तिथे नुसता माळ होता. हेदरची खुरटी झुडपं, फर्झचे काटे, मधूनमधून पाणथळ आणि काठाकाठाने विखुरलेली मातीची घरं. घरातली माणसं हेदरचे झाडू बांधत आणि माळाचीच मुळ्यांनी भरलेली मातीची ढेपळं कापून, वाळवून जाळत. लग्न असो की मयत, शेजारच्या गावच्या चर्चपर्यंत पायपीट ठरलेली. मग रेल्वे आली. सकाळी लंडनला जाऊन संध्याकाळी घरी जेवायला येता येतं असा शोध साहेबलोकांना लागला आणि माळावर विटांचे बंगले उभे राहू लागले. बंगल्याच्या पायासाठी जे उपटलं त्याचंच नाव बंगल्याला द्यायची तिथे फॅशन होती. त्यामुळे हेदर गेलं आणि ‘हेदर बँक’ आली, फर्झ गेलं आणि ‘फर्झ लॉज’ आलं. इतके बंगले झाल्यावर बिशपसाहेबांनी जुन्या पॅरिशचा, म्हणजे चर्चच्या हद्दीचा, कोपरा कापून हॅझरलीची वेगळी पॅरिश केली, एक पाद्री नेमला आणि तात्पुरतं म्हणून पत्र्याचं चर्च उभारून दिलं. पाऊस लागला की त्यात प्रवचन ऐकू येत नसे. बऱ्याच लोकांची त्याबद्दल तक्रार नव्हती.

केझाया व्होक्स हे सगळं आपल्या दारातून पाहत आली होती. तिचं घर गरिबांच्या माळाला लागून होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा कॅनडात गव्हाच्या शेतावर होता आणि वर्षातून एकदा खुशाली कळवत असे. ती तोंडाने फटकळ होती आणि हाताने चलाख. घरात विस्तव कधी विझत नसे. रात्री निखाऱ्यांवर राख ओढायची, सकाळी राख सारून वर दोन ढेपळं ठेवायची, की चूल पुन्हा सुरू. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा चूल पेटलेलीच होती आणि तिच्या सासूला विचारलं असतं तर तिनेही हेच सांगितलं असतं.

गरिबांचा माळ ही जुनी व्यवस्था होती. पूर्वी इथल्या सरदाराने बाकीचा माळ आपल्या नावावर करून घेतला तेव्हा लोकांनी ओरड केली, म्हणून हा एक तुकडा जळणासाठी राखून ठेवला गेला. चर्चचे विश्वस्त तो सांभाळत, पण हुकूम चालायचा चुलींचा. दरवर्षी येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाआधीच्या सोमवारी सगळी पॅरिश सीमाफेरीला निघे. विलोच्या काठ्यांनी हद्दीचे दगड बडवत लोक पुढे जात आणि वाटेत चर्चचा वॉर्डन, म्हणजे कारभारी, प्रत्येक ढेपळवाल्या घरात शिरून चूल पाही. चूल कुणाची, आणि विस्तव माळाच्याच ढेपळांचा का, एवढंच तो विचारी. मग त्या आठवड्यात चुलींची सभा भरे. यंदा कुठे कापायचं, किती कापायचं, हे तिथे हात वर करून ठरे. एका चुलीमागे एक मत. देशात बायकांना मत नव्हतं, हॅझरलीच्या चुलीला होतं, आणि व्होक्सची चूल केझाया होती. आणखी एक नियम होता: पॅरिशमध्ये तीन तरी चुली त्या माळाच्या ढेपळांवर जळत असतील तोवर माळ विकता येत नसे.

केझायाच्या तरुणपणी वॉर्डनला सगळ्या चुली पाहता पाहता संध्याकाळ होई. पुढे बंगल्यांमधून धुणीभांडी मिळू लागली, विटांच्या भट्टीवर मजुरी मिळू लागली, आणि हातात पैसा आल्यावर लोकांना कोळसा बरा वाटू लागला. ढेपळं कापायला कंबर मोडते, वाळवायला उन्हाळा जातो, आणि कपड्यांना धुराचा वास लागतो तो लागतोच. त्या हिवाळ्यात म्हातारा जोब ट्रिम खोकून खोकून गेला. पाठोपाठ त्याची शेजारीण हॅना आपल्या लेकीकडे पोर्ट्समथला राहायला गेली. त्यानंतर ढेपळांवर जळणारी चूल एकच उरली.

मार्चमध्ये रेव्हरंड ऑसबर्न केझायाकडे आले. हडकुळे, तरुण, बूट कायम चिखलाने भरलेले. टोपी काढून ते चुलीशेजारच्या बाकावर बसले.

“मिसेस व्होक्स, मी आडून बोलत नाही. मला चर्च बांधायचंय.”

“आहे की तुमच्याकडे एक.”

“त्यात निम्मी माणसं मावत नाहीत. बाहेर उभी राहतात.”

“जोब ट्रिम सांगायचा, बाहेरच बरं असतं म्हणून.”

पाद्री हसले. मग त्यांनी समजावलं. गरिबांचा माळ विकला तर दगडी चर्च होईल, आणि उरलेल्या पैशांतून पॅरिशच्या प्रत्येक गरीब घराला दर हिवाळ्यात कोळसा मिळेल. कायमचा. कापणं नाही, वाळवणं नाही.

“कोळसा कोण वाटणार?” केझायाने विचारलं.

“समिती असेल. मी, डॉक्टर, दोनचार बायका.”

“आणि कुणाला किती, ते समिती ठरवणार.”

“गरज पाहून.”

“म्हणजे दर हिवाळ्यात मी तुमच्या पुढ्यात येऊन गरज दाखवायची. हात पसरायचा.”

“कुणी तसं म्हणणार नाही.”

“म्हणणार नाहीत हो. पण पसरायचा ना?” तिने चिमट्याने एक ढेपळ उलटं केलं. “हे बघा, मी चर्चविरुद्ध नाही. पण हे जळण मला कुणी दिलेलं नाही. माझ्या चुलीचं ते आहे. उद्या तुम्ही गेलात, दुसरे पाद्री आले, ते चांगले असोत की खडूस, माझा विस्तव त्यांच्या मर्जीवर नको.”

पाद्रींनी टोपी हातात घेतली. हे त्यांना पटलं असावं, पण पटून उपयोग नव्हता. सीमाफेरीला तीन चुली दिसल्या नाहीत तर विश्वस्त माळ विकायला काढणार, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं आणि निघाले.

केझाया तशीच उठून अमोस पेग्लरकडे गेली. अमोस तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. चर्चचा वॉर्डन तोच आणि कबरी खणणाराही तोच. तो फावडं पुसत बसला होता.

“दोन चुली हव्यात,” ती म्हणाली.

“मला सांगून काय उपयोग? माझी बायको ढेपळाला हात लावणार नाही. मी खणतो ती माती आधीच घरात येते म्हणते.”

“बंगल्यांतल्या कुणी पेटवली तर चालेल का?”

अमोसने फावडं बाजूला ठेवलं. “मी दोनच गोष्टी विचारतो. चूल कुणाची, विस्तव कशाचा. गरीब आहेस का, हे माझ्या बापानेही कधी कुणाला विचारलं नाही. ज्याला कोळसा परवडतो तो कशाला डोळ्यांत धूर घालून घेईल? पण तुला कोण भेटणार तसं?”

तसं भेटणारं माणूस आपल्या पायांनी चालत आलं. हेदर बँकच्या मिसेस लॅथम एका दुपारी कुत्र्याला घेऊन केझायाच्या दारात उभ्या राहिल्या. गोऱ्यापान, बोलक्या, आणि मनाने खरोखर चांगल्या. त्यांच्या दिवाणखान्याच्या मोठ्या खिडकीतून गरिबांचा माळ दिसे. तो विकला गेला की तिथे घरांच्या रांगा होणार, हे त्यांनी कुठूनतरी ऐकलं होतं आणि त्यांची झोप उडाली होती.

“आपण काहीच करू शकत नाही का हो, मिसेस व्होक्स?”

“तुमच्याकडे उघडी शेकोटी आहे?”

“दिवाणखान्यात आहे. छान ओक लाकडाची चौकट आहे तिला.”

“चौकटीचं राहू द्या, बाईसाहेब. मी ढेपळं देते. जाळाल का?”

मिसेस लॅथमना आधी काही कळेना, आणि कळलं तेव्हा त्यांनी केझायाचे दोन्ही हात धरले. दुसऱ्या दिवशी केझाया हातगाडीवर ढेपळं घालून हेदर बँकमध्ये गेली. कोळशाची जाळी काढायला लावली, ढेपळं कडेवर उभी कशी रचायची, मध्ये हवा कशी ठेवायची, रात्री राख कशी ओढायची, सगळं दाखवलं. मोलकरीण नाक मुरडत होती. मिसेस लॅथम मात्र गालिच्यावर गुडघे टेकून बसल्या होत्या, आणि विस्तवाने धरलं तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. केझायालाही बरं वाटलं. जळणाचा वास तिच्या अंगाला येतो म्हणून बंगल्यांच्या मागच्या दारांतही तिला उभं करत नसत, आणि आज तोच वास त्यांच्या दिवाणखान्यात हौसेने घेतला जात होता.

हौस पसरत गेली. लॅथमबाईंच्या मैत्रिणी चहाला आल्या, त्यांना ती शेकोटी फार आवडली. फर्झ लॉजच्या मेजर ड्रूइटनी आपली पेटवून घेतली. मग डॉक्टरांच्या बहिणीने, मग नव्या रस्त्यावरच्या दोघी बहिणींनी, मग आणखी काही घरांनी. प्रत्येक घरी केझाया गेली, प्रत्येक घरी तिने आपल्या वाळवलेल्या राशीतली ढेपळं नेली. दोन चुली हव्या होत्या, नऊ झाल्या.

“इतक्या कशाला?” अमोसने रस्त्यात विचारलं.

“जितक्या चुली तितका माळ पक्का. तुझा बापच म्हणायचा ना?”

“म्हणायचा खरा,” अमोस म्हणाला आणि डोकं खाजवत पुढे गेला.

पाद्रीही एकदा भेटले. ते रागावलेले नव्हते. “मिसेस व्होक्स, मला काय हवंय ते मी तुमच्या तोंडावर सांगितलं. या लोकांना काय हवंय, ते त्यांनी तुम्हाला सांगितलंय का?”

“माळ राहावा असं वाटतं त्यांना.”

“हो,” ते म्हणाले, “तसं वाटतं खरं.” आणखी काही बोलायचं त्यांच्या मनात होतं, पण हरत असलेल्या माणसाचा सल्ला कुणी ऐकत नाही हे त्यांना ठाऊक असावं.

सीमाफेरीचा सोमवार उघडीप घेऊन आला. बंगलेवाले टोप्या, छत्र्या आणि खाण्याच्या टोपल्या घेऊन निघाले. अमोस घराघरांत शिरला, गालिच्यांवर बूट जपून टेकवत त्याने नऊ दिवाणखान्यांतले विस्तव पाहिले, आणि शेवटी केझायाच्या चुलीसमोर येऊन उभा राहिला.

“चूल कुणाची?”

“व्होक्सची.”

“विस्तव कशाचा?”

“माळाचा. आता चहा घेतोस की तसाच जातोस?”

मिळून दहा चुली. माळ विकता येणार नाही, असं त्याने पत्र्याच्या चर्चसमोर जाहीर केलं आणि लोकांनी जल्लोष केला. मिसेस लॅथमनी सगळ्यांसमोर केझायाचा मुका घेतला. ती वरमली, पण घरी येऊन एकटीच हसली. तिची रास चतकोरभरच उरली होती, कारण बहुतेक ढेपळं बंगल्यांत गेली होती. त्याची तिला फिकीर नव्हती. सभा झाली की कापणी सुरू, आणि पुढे अख्खा उन्हाळा वाळवायला पडला होता.

सभा गुरुवारी पत्र्याच्या चर्चमध्ये भरली. पाद्री अध्यक्ष होते, पण त्यांच्या घरी कोळसा जळे, त्यामुळे त्यांना मत नव्हतं. केझाया काय बोलायचं ते ठरवून आली होती: यंदा उत्तरेच्या उतारावर कापू या, तिकडे बरीच वर्षं हात लागलेला नाही. तिने तोंड उघडण्याआधी मिसेस लॅथम उठल्या.

“माझी एक सूचना आहे,” त्या म्हणाल्या. “आपण एवढ्या प्रयत्नाने माळ वाचवला. तर त्याला आता विश्रांती द्यावी. कापणं पूर्ण थांबवावं. जळण आपण नंतर पाहू.”

“अगदी बरोबर,” मेजर ड्रूइट म्हणाले. “कापल्यावर उरतात ते काळे चौकोन फार वाईट दिसतात. माझ्या वरच्या खिडकीतून तर सोलल्यासारखं दिसतं.”

डॉक्टरांची बहीण म्हणाली की तिथे चंडोल घरटी करतात. दोघी बहिणींपैकी एकीने विचारलं की आपापल्या घरात ढेपळांची एखादी टोपली ठेवली आणि सीमाफेरीच्या दिवशी पेटवली तर चालेल ना. अमोसने खालमानेने सांगितलं की चूल त्या दिवशी पेटलेली दिसली की झालं, एवढीच रीत आहे.

केझाया उभी राहिली. ठरवून आणलेलं सगळं डोक्यातून गेलं होतं.

“मग मी काय जाळू?” तिने विचारलं.

मग मिसेस लॅथम तिच्याकडे वळल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. “अहो, तुम्ही त्याची मुळीच काळजी करू नका. आम्ही सगळे आहोत ना. तुमच्यामुळे तर हे झालं. तुम्हाला कोळसा मी देईन.”

“मला कोळसा नकोय, बाईसाहेब. माझं जळण हवंय.”

“पण तेच तर आपण वाचवतोय.”

हे ऐकून केझायाला राग यायला हवा होता. तिला आधी कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा हात वर जाऊ लागले होते. मेजरचा हात, बहिणींचे हात, डॉक्टरांच्या बहिणीचा पांढऱ्या हातमोज्यातला हात. एकेका हाताला तिने चूल पेटवायला शिकवलं होतं. विरुद्ध कोण म्हणून विचारलं तेव्हा तिने आपला हात वर केला आणि अमोसला मोजायला लागू नये इतका तो एकटा होता. रीतीप्रमाणे सगळं झालं होतं. कुणी फसवलं असंही म्हणता येत नव्हतं.

बाहेर आल्यावर ती अमोसवर उखडली. “तू काही बोलला नाहीस.”

“काय बोलू? वॉर्डनला मत कुठे असतं? आणि तुला विचारलं होतं मी, इतक्या कशाला म्हणून.”

“दोनच केल्या असत्या तरी ते दोघं आणि मी एक.”

“हो,” अमोस म्हणाला. “तेही आहेच.”

पाद्री मागून आले, टोपी उचलून थांबले, पण त्यांनी मागचं काहीच काढलं नाही. रस्ता ओला आहे, जपून जा, इतकंच ते म्हणाले. त्याबद्दल केझायाला त्यांच्याविषयी त्या दिवसापुरता आदर वाटला.

उन्हाळा गेला. माळ फुलला आणि रविवारी लंडनहून लोक तो पाहायला येऊ लागले. बंगलेवाल्यांनी माळासाठी समिती केली, कापायला मनाई अशी पाटी लावली आणि राखणदार नेमला. ऑक्टोबरात केझायाची रास संपली. तिने शेवटची ढेपळं अर्धी अर्धी करून जाळली, मग त्यांचा चुरा जाळला, आणि एका सकाळी राख सारली तेव्हा खाली निखारा नव्हता. ती काही रडली नाही. राखेत बोटं घालून तिने दोनदा चाचपलं आणि मग हात धुतले.

त्याच आठवड्यात हेदर बँकहून कोळशाचं पोतं आलं. थंडी कडाक्याची होती, तिने ते आत घेतलं. पण तिची चूल म्हणजे जमिनीलगतचा सपाट दगड. त्यावर ढेपळं निवांत जळत, कोळशाला खालून हवा लागते. तो नुसता धुमसत राहिला आणि घर काळ्या धुराने भरलं. तिने दोन दिवस काड्या घालून पाहिलं, फुंकून पाहिलं, खोकून पाहिलं. तिसऱ्या दिवशी शाल गुंडाळून ती हेदर बँकच्या मागच्या दाराशी गेली.

मिसेस लॅथमनी तिला मागच्या दाराशी उभं राहू दिलं नाही. हाताला धरून थेट दिवाणखान्यात नेलं. तिथे लंडनचे दोन पाहुणे चहा घेत होते आणि त्यांच्या कौतुकासाठी आज मुद्दाम ढेपळं पेटवली होती. पितळी बादलीत आणखी थोडी राखून ठेवली होती. काप कसा घातला आहे त्यावरून ती आपल्याच हातची आहेत हे केझायाने लगेच ओळखलं.

“या त्या मिसेस व्होक्स,” मिसेस लॅथम पाहुण्यांना म्हणाल्या. “यांनी आमचा माळ वाचवला.”

“फार गोड वास आहे हो या विस्तवाला,” पाहुणीबाई म्हणाल्या.

केझाया शेकोटीजवळ उभी राहिली. ऊब तिच्या गुडघ्यांपर्यंत आली, आणि इतक्या दिवसांनी आलेली ती ऊब सोडून बोलायला तोंड उघडणं तिला जड गेलं.

“बाईसाहेब, तुमच्या शेकोटीतून ती कोळशाची जाळी काढली होती ना, ती कुठे पडून असेल तर मला हवी होती. कोळसा जळत नाही तिच्याशिवाय.”

“अगं बाई, एवढंच ना? घेऊन जा की. आणि हे बघा, आणखी काहीही लागलं तर मागायला अजिबात लाजायचं नाही हं.”

“लाज वाटते, बाईसाहेब,” केझाया म्हणाली. “वाटतेय तोवर मागून घेते. पुढच्या हिवाळ्यात वाटणार नाही.”

मिसेस लॅथमना हे विनोदाने म्हटलं आहे की काय ते कळलं नाही. त्या पाहुण्यांकडे पाहून हसल्या, आणि माळ्याच्या खोलीतली जुनी जाळी पुसून आणायला त्यांनी मोलकरणीला सांगितलं.